माझ्या पाठीमागची ओल

टक्. टक्. टक्.

दुपारच्या सामसुमीत कुणीतरी चमच्याच्या दांड्याने भिंत वाजवत होतं. शिवणयंत्र थांबलेलं, नळ बंद, घरातलं लेकरू शाळेत. तो चमचा एकेका टाइलवरून खाली सरकत आला, माझ्यापाशी पोचला आणि आवाज बदलला. ढप्.

चमचा थबकला. पुन्हा एकदा, हळूच. ढप्.

मित्रांनो, मी एक जुनी टाइल आहे, आणि तो ढप् माझा होता. जुनी म्हणजे फार नाही, भिंतीवर चढून मला पाचच वर्षं झाली होती. पण टाइलचं म्हातारपण वर्षांवर नसतं, ओलीवर असतं. माझी पाठ पहिल्या महिन्यापासून ओली होती. हे मला ठाऊक होतं, आणि घरात आणखी एका माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

चमचा धरून बसलेली बाई म्हणजे मुंगीची आई. मुंगी हे काही कागदावरचं नाव नव्हे. पोर एका जागी ठरत नाही आणि साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिथे पोचते, म्हणून मुंगी. आई घरीच कपडे शिवते. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं यंत्र, त्यावर खडू, मापाची टेप, आणि कामात असताना तिच्या ओठांत टाचण्या. ओठांत टाचण्या असल्या की तिला बोलावं लागत नाही. त्या महिन्यात मी पाहिलं, हातात कापड नसतानाही तिच्या ओठांत टाचण्या असायच्या.

पण मी फारच मधून सुरुवात केली. आधी माझं मूळ सांगते.

एका कारखान्यात पांढरी माती आणि गारगोटीची पूड एकत्र दळली गेली, दाबयंत्राचा एक ठोका पडला, आणि मी झाले. पाठीवर चौकोनी खाचा उमटल्या. सिमेंटने आपल्याला घट्ट धरावं म्हणून आम्हा टाइलांना त्या खाचा देतात. पुढच्या अंगावर झिलई चढली, दुधात चहाचे चार थेंब पडावेत तसा रंग. भट्टीतल्या दिवसाचं काही विचारू नका. आत गेले तेव्हा नखाने खरवडता येत होते, बाहेर आले तेव्हा बोटाने वाजवलं की खणखणत होते.

दुकानात मला निवडलं ते मुंगीच्या आजोबांनी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत टाइल बसवल्या. दुकानदार खोकं पुढे करायचा आणि म्हणायचा की सगळा माल एकसारखा आहे. अण्णा ऐकून घ्यायचे आणि तरीही एकेक टाइल हातात घेऊन कानाशी वाजवायचे. दोन टाइला तोंडाला तोंड लावून उजेडात धरायचे, मधून उजेड दिसला तर वाकडी म्हणून बाजूला. माझ्यातून उजेड दिसला नाही. अण्णा म्हणाले, ही पोरगी सरळ आहे. आयुष्यात मला मिळालेली पहिली शाबासकी ती, आणि खरं सांगायचं तर बराच काळ मी तिच्यावरच जगले.

घरी आणून त्यांनी आम्हाला पिंपात बुडवून ठेवलं. कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी पिते, मग सिमेंट तिला धरत नाही. भिंतीवर दोरी ताणली, ओळंबा सोडला. दोन टाइलांच्या मध्ये काडेपेटीतली एकेक काडी ठेवून सांधा सोडला, म्हणजे सगळे सांधे सारखे. रबरी हातोडीने माझ्या गालावर दोन हलक्या थापट्या मारल्या आणि मी बसले. खालून तिसरी ओळ, शॉवरच्या तोटीखाली, डावीकडून चौथी.

फक्त एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. पिंपात असताना शेजारच्या टाइलांनी सांगितलं होतं की आपल्या पाठीमागे एक काळपट, रबरासारखा लेप असतो, पाणी भिंतीत शिरू नये म्हणून. अण्णा म्हणे कुणाच्याही घरी तो लावल्याशिवाय थापीला हात लावत नाहीत. लेपाचे दोन हात, मध्ये एक दिवस, वर तीन दिवस वाळवण. गिऱ्हाइकाने घाई केली तर सामान उचलून घरी जायचे. माझ्या पाठीला मात्र नुसती भिंत लागली. खरखरीत, कोरडी, उघडी भिंत. मला वाटलं, मी नवी आहे, मला काय कळतंय.

चौथ्या दिवशी आई दवाखान्यातून बाळाला, म्हणजे मुंगीला, घेऊन घरी आली. बाथरूम चकचकीत, सांधे दुधासारखे पांढरे. तिने दारात उभं राहून भिंतीवरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. अण्णा मागे उभे होते. म्हणाले, ही माझी शेवटची भिंत, यापुढे हातात फक्त नात.

पुढचे दिवस सुखाचे गेले. मुंगी आधी टबात मावायची, मग टबाबाहेर बसायला लागली, मग एक दिवस माझा आधार धरून उभी राहिली. तिचा ओला तळवा माझ्यावर पडला की चपकन आवाज व्हायचा, तो तिला इतका आवडायचा की अंघोळ संपता संपायची नाही. वाफेने मी धूसर झाले की आई माझ्यावर बोटाने अक्षरं काढायची, मुंगी ती पुसायची आणि पुन्हा काढ म्हणायची. साबण डोळ्यांत गेला की तिचं कपाळ माझ्यावर टेकायचं. मित्रांनो, भिंतीतल्या एका टाइलला यापेक्षा जास्त काही नको असतं.

पण माझ्या पाठीमागे पाणी शिरत होतं. सांध्यांतून, केसाएवढ्या फटींतून, रोज थोडं. गेलेलं परत येत नव्हतं. आधी सांधे पिवळे झाले, मग कडेने काळे. आईने जुना टूथब्रश घेतला आणि घासायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज मुंगी झोपली की. घासून तिच्या बोटांची सालं निघायची आणि सुई धरताना ती झोंबायची. अण्णा दारातून डोकावायचे आणि म्हणायचे की अंघोळ झाल्यावर भिंत कोरडी पुसली तर हे होत नाही. आमच्या वेळी पुसायचे, आताच्या मुलींना वेळ नसतो. टोमणा हलकाच असायचा, वर हसूही असायचं. आई त्यानंतर रोज भिंत पुसायला लागली. मी रोज कोरडी व्हायचे, समोरून.

सहा-सहा महिन्यांनी अण्णा पांढरं सिमेंट कालवायचे आणि काळ्या सांध्यांवर नवा हात फिरवायचे. न खरवडता, न वाळवता. भिंत आठवडाभर नव्यासारखी दिसायची. आई त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, तुमच्या हाताची सर कुणाला नाही. मी आतून ओरडत होते. माझा आवाज कुठे जाणार?

मग मुंगी खोकायला लागली. कोरडा खोकला, अंघोळीनंतर जास्त, आणि छातीतून बारीक शिट्टी. एकदा तिचे ओठ निळसर झाले तेव्हा आई ओल्या केसांच्या पोरीला टॉवेलात गुंडाळून तशीच दवाखान्यात पळाली. डॉक्टरीणबाईंनी श्वासाचा पंप दिला, घराची चौकशी केली, बाथरूमचा फोटो मागून घेतला आणि तो बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांनी सरळच सांगितलं की ही बुरशी मुळापासून काढा, महिन्याभरात. तोवर त्या बाथरूमचं दार पोरीला बंद. महिन्यात जमलं नाही तर तिला दुसऱ्या घरी ठेवा, पुढचा झटका घरी आवरेलच असं सांगता येत नाही.

दुसरं घर म्हणजे मावशीचं, बसने सात तासांवर. मुंगी आईशिवाय एकही दिवस कुठे राहिली नव्हती. त्या दिवसापासून आईच्या जिवाला स्वस्थता नाही. कापड अर्धं कापून उठायची, बाथरूमशी येऊन उभी राहायची, परत जायची. आणि म्हणून त्या दुपारी तिने चमचा उचलला.

ढप् ऐकल्यावर तिने लोणी लावायची सुरी आणली आणि माझ्या कडेने घातली. मी सहज सुटले. पाच वर्षं जिला चिकटून होते त्या भिंतीने मला धरूनही ठेवलं नाही. आईने आत पाहिलं. काळं, लिबलिबीत, आणि असा वास की तिने पदर नाकाला लावला. मग तिने मला धुतलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, आणि मी पहिल्यांदा घर पाहिलं.

संध्याकाळी अण्णांनी मला तिथे पाहिलं. आईने विचारलं की ही अशी कशी सुटली. अण्णा चहात साखर ढवळत राहिले, ढवळून झाल्यावरही. मग म्हणाले की तो मालच हलका निघाला, तेव्हा कारखान्यात भट्टी नीट लागत नव्हती, ही टाइलच खराब.

मी. जिच्यातून उजेड दिसला नव्हता ती मी.

मित्रांनो, मला राग आला. पण त्यांनी ते माझ्याकडे न बघता म्हटलं होतं, हेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आई दुकानात गेली आणि पिशवीत चार नमुने घेऊन आली. तिचं ठरलं होतं: आता सांधा नको. जिथे सांधा तिथे बुरशी, तर सांधाच नको. अंगभर एकसंध भिंत हवी. चारही नमुने तिने खिडकीत माझ्या शेजारी मांडले, आणि मी माझ्या जागी येणारे पाहुणे बघत बसले.

पहिला अॅक्रिलिकचा पत्रा, पांढराशुभ्र, हलका, हाताला ऊबदार. मुंगीने तो वाजवून पाहिला आणि तिला तो ढोलकीसारखा वाजला, म्हणून ती खूश. आईने त्यावर किल्ली ओढली. ओरखडा उठला तो उठलाच.

दुसरा फायबरचा. त्यावर गंमत म्हणजे टाइलांचं चित्र छापलेलं होतं, सांध्यांसकट. मुंगी नखाने त्या रेषा उकरत बसली आणि सापडत नाहीत म्हणून वैतागली. अण्णांना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. सांधे नकोत म्हणून सांध्यांचा फोटो, असं म्हणून ते खोकेपर्यंत हसले.

तिसरा कृत्रिम दगडाचा तुकडा, दगडाची पूड आणि राळ एकत्र करून ओतलेला. जड, फिकट राखाडी, शाळेच्या पाटीसारखा गुळगुळीत. त्याचे मोठे पत्रे येतात आणि जोड असे घासून मिटवतात की हात फिरवूनही कळत नाहीत.

चौथा सिमेंटच्या बारीक लेपाचा, एका फळीवर थापीने फिरवलेला. तो आईने उजेडात धरला. त्याच्यावर हात फिरल्याच्या खुणा दिसत होत्या, ढगासारख्या. तिच्यासारख्या हाताने काम करणाऱ्या बाईचा जीव त्याच्यावर जडला तर नवल काय.

मग परीक्षा सुरू झाल्या. कढत पाणी, साबणाचा फेस, तेलकट हात. डाग टिकतो का हे बघायला तिला काहीतरी पक्कं हवं होतं. ती अण्णांच्या कपाटातून त्यांच्या केसांचा रंग घेऊन आली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की अण्णा केस रंगवतात, फक्त अण्णांना वाटायचं की कुणाला ठाऊक नाही. चार नमुन्यांवर चार काळे ठिपके पाहून ते दारातच थांबले. काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, बुटाचं पॉलिश. अण्णांनी मान डोलावली. अॅक्रिलिकवरचा डाग निम्मा राहिला. दगडावरचा भांडी घासायच्या काथ्याने घासला की गेला. लेपावरचा पुसट होऊन तिथेच बसला, पण लेपाचं रूप आईच्या मनातून जाईना.

अण्णांना मुळात हा बिनसांध्याचा विचारच पसंत नव्हता. भिंत उन्हात फुगते, थंडीत आकसते, तिला कुठेतरी जागा हवी असते. सांधा म्हणजे खोट नव्हे, सवड आहे, असं ते समजावून सांगायचे. शेवटी एके दिवशी ते यंत्रापाशी येऊन उभे राहिले.

"एवढं शिवतेस. बिनशिवणीचं एक वस्त्र दाखव बघू."

आईने ओठांतल्या टाचण्या काढल्या. "टॉवेल. आणि बाथरूममध्ये तोच लागतो, अण्णा."

मुंगीचा बाबा लांबच्या गाडीवर चालक. दोन दिवस रस्त्यावर, एक दिवस घरी, आणि त्या एका दिवशी आई आणि अण्णा दोघंही आपापली बाजू त्याच्या ताटाशी घेऊन यायचे. तो म्हणायचा, मी गाडी चालवतो, भिंती नाही चालवत. आणि वाढ म्हणून ताट पुढे करायचा.

तोवर मुंगीची अंघोळ स्वयंपाकघरात, परातीत बसवून. ती परातीत मावत नव्हती. गुडघे छातीशी घेऊन बसायची, आई तांब्याने पाणी घालायची, आणि मुंगी खोकली की आईचा तांब्या हवेत थांबायचा. खोकला थांबेपर्यंत थांबायचा. महिन्यातले एकोणीस दिवस गेले होते.

विसाव्या दिवशी आईने त्या सिमेंटच्या लेपवाल्याला फोन लावला. तो बघून गेला. चटपटीत माणूस, बोलणं गोड. म्हणाला, फोडाफोडी कशाला ताई, आहे त्या टाइलांवरच लेप चढवू, दोन दिवसांत तुमची भिंत आरशासारखी. सुटलेल्या टाइलच्या जागी सिमेंटचा मसाला भरू, सांधे बुजवू, वरून तीन हात. दोन दिवस म्हटल्यावर आईचा चेहरा असा उजळला की मला भीती वाटली. दोन दिवसांत म्हणजे मुंगी कुठेच जाणार नाही. अण्णा तेव्हा कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटलं नाही.

सोमवारी सकाळी लेपवाला बादल्या घेऊन आला. आईने बाथरूम रिकामं केलं होतं, शिवायचं काम बाजूला सारलं होतं. मुंगी शाळेला सुट्टी घेऊन गंमत बघायला दारात बसली होती. मला खिडकीतून बाथरूमचं उघडं दार दिसत होतं आणि माझी रिकामी, काळी जागा. लेपवाल्याने बादलीत पाणी ओतलं, यंत्र घालून ढवळायला घेतलं, आणि सहज, रीत म्हणून विचारलं की मागे वॉटरप्रूफिंगचा लेप आहे ना.

"आहे की," आई म्हणाली. "आमच्या अण्णांनी लावलेली भिंत आहे. पस्तीस वर्षं काम केलंय त्यांनी. तो लेप असल्याशिवाय ते थापी उचलत नाहीत."

लेपवाल्याने मान हलवली आणि पहिली थापी भरली.

"नाही," अण्णा म्हणाले.

ते कधी उठून आले होते कुणाला कळलं नव्हतं. एक हात दाराच्या चौकटीवर होता.

"नाही काय?" आईने विचारलं.

"मागे काही नाही. नुसती भिंत आहे. तू यंत्र बंद कर रे बाबा आधी."

यंत्र बंद झालं. आई स्वयंपाकघरात आली, मला उचललं आणि पालथं केलं. माझ्या खाचांत वाळलेलं सिमेंट होतं, त्याला चिकटून भिंतीची थोडी माती. काळा लेप कुठेच नव्हता. तिने अंगठा माझ्या पाठीवरून फिरवला. तिला वाचता आलं. पाच वर्षं मी जे सांगत होते ते तिने एका अंगठ्याने वाचलं.

अण्णा बोलू लागले ते आईशी, पण माझ्याकडे बघत. जुनं बाथरूम फोडून ठेवलं होतं. वाटलं होतं, अजून वेळ आहे हातात. मग एकाएकी तुला दवाखान्यात न्यावं लागलं आणि पोर तीन आठवडे आधी आलं. चार दिवसांनी घरी सोडणार म्हणाले. घरात ओल्या बाळंतिणीला न्हायला जागा नाही, उघड्या विटा. मी तुला शब्द दिला होता की पाऊल टाकशील तेव्हा बाथरूम तयार असेल. तो काळा लेप लावला असता तर दिवस पुरले नसते. म्हटलं, घरचीच भिंत आहे, पुढे बघू. सांधे दाबून भरले की नाही पाणी जायचं.

"आणि गेलं," आई म्हणाली.

"गेलं. दुसऱ्या वर्षी सांधे काळे पडले तेव्हाच कळलं मला."

"तुम्ही म्हणायचात, मी भिंत पुसत नाही." तिचा आवाज वाढला नव्हता. तिने हात पुढे केले, बोटं पसरून. "चार वर्षं मी घासतेय, अण्णा. मला वाटायचं माझंच काहीतरी कमी पडतंय. पोर खोकली की वाटायचं, काल नीट पुसली नाही मी."

अण्णांनी त्या बोटांकडे पाहिलं. लेपवाला बादलीकडे बघत राहिला, सिमेंट घट्ट होत चाललं होतं आणि ते सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. अण्णा म्हणाले, "आज जर वरून लेप चढवलास तर तू तेच करशील जे मी केलं. आत सगळं तसंच राहील. तुला राग यायचा तेवढा येऊ दे. पण भिंत फोडू दे."

आईने मला खिडकीत परत ठेवलं. थोडं आपटूनच ठेवलं, माझा एक कोपरा तेव्हा उडाला. मी तिला दोष देत नाही.

लेपवाला बादली घेऊन परत गेला. त्यानंतर दोन दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. मीठ दे. दार लाव. अण्णांनी छिन्नी काढली आणि एकेक टाइल सोडवायला घेतली, हातोडा न आपटता, कडेने. एवढ्या टाइला वाचवून काय करणार म्हणून मुंगीच्या बाबाने विचारलं, तर अण्णांनी पुढच्या टाइलची कड धरली. तिसऱ्या दिवशी आई कंबर खोचून आत गेली आणि डबर घमेल्यात भरायला लागली. अण्णा सोडवत होते, ती भरत होती. मधेच तिने विचारलं की विटा वाळायला किती दिवस. अण्णा म्हणाले, पंखा लावून आठ. मग काळ्या लेपाचे दोन हात, मध्ये दिवस, वर तीन. या वेळी एक तासही कमी नाही. आईने बोटांवर मोजलं. महिना ओलांडत होता.

वर काय लावायचं ते तिनेच ठरवलं, आणि तिने राखाडी दगड निवडला. सिमेंटचा लेप सुंदर होता, पण त्यावरचा डाग कायमचा राहत होता. दगड घासला की पुन्हा पहिल्यासारखा. मुंगीने चारही नमुन्यांना गाल लावून पाहिला होता आणि दगडावर गाल ठेवून ती सगळ्यात जास्त वेळ बसली होती, हेही आईने धरलं असावं. अण्णांनी एकच मागितलं: भिंतीच्या दोन कोपऱ्यांत रबरासारखा मऊ मसाला भरायचा, दगडाला दगड भिडवायचा नाही. तेवढी सवड राहू दे. आई म्हणाली, राहू दे.

मित्रांनो, माझं काम आता संपलं आहे. माझ्या जागी मोठा, एकसंध दगड येईल आणि तो माझ्याहून चांगलं काम करील. मला त्याचा हेवा नाही, खरंच नाही, थोडासाच आहे. तुमच्याकडे मागायचं ते इतकंच. घरात काही काळं पडलेलं दिसलं तर त्याच्यावर लगेच पांढरं फासू नका. आधी उघडा, वाळू द्या, वेळ जाऊ द्या. आणि घासून घासून कुणाची बोटं सोलवटलेली दिसली, तर तिला आणखी घासायला सांगू नका.

आज सकाळी मावशीकडे जायची बस आहे. मुंगीचे कपडे पलंगावर पसरलेत. आई एकेक घडी घालून पिशवीत ठेवतेय, पंप वरच्या कप्प्यात, त्याच्याशेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या सूचना. अण्णा आत भिंतीला पंखा लावून बसलेत. मुंगी पलंगाच्या कडेला पाय हलवत बसली आहे. इतका वेळ ती एका जागी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. सोमवारी दारात बसून तिने सगळं ऐकलं होतं, आणि तेव्हापासून तिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

आता ती आईकडे न बघता, स्वतःच्या पायांकडे बघत विचारते,

"आई, मी अजून तीन आठवडे तुझ्या पोटातच थांबले असते, तर आजोबांची भिंत वाळली असती ना?"

आईच्या हातातला मोजा अर्धा उलटलेला तसाच राहतो.